प्रमिलाताईंची मुकी माणसं

प्रमिलाताई कांबळे स्टुडिओत यायच्या त्या आधी आवाजानं. राजारामपुरीतल्या त्या इमारतीचा जिना चढताना खालच्या झेरॉक्सवाल्याशी, पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याशी आणि वाटेत भेटेल त्या कुणाशीही त्यांचं मोठ्यानं बोलणं चालायचं. त्या दारात पोचेपर्यंत रिक्षावाल्यानं कुठं वळण चुकवलं आणि शिंप्याच्या मेव्हण्याची नोकरी का गेली, हे आम्हाला वर बसून कळलेलं असायचं. कोल्हापुरात हळू बोलणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात, पण तिथंही एवढ्या आवाजाची बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि ह्या बाईनं सगळी उमेद न बोलणारी माणसं काढण्यात घातली. काढण्यात म्हणजे कागदावर. एकेका हालचालीची पेन्सिलनं कितीतरी चित्रं काढायची, ती एकामागून एक कॅमेऱ्याखाली धरायची, की पडद्यावर माणूस उठायचा, बसायचा, चिडायचा, लाजायचा. ताईंच्या हातची माणसं कधी तोंड उघडून बोलली नाहीत. कुणी त्यांना बोलायला लावलं तर ताई भांडायला उठायच्या.

मी त्या स्टुडिओत संवादलेखक होतो. यावरून माझी अवस्था ओळखावी.

स्टुडिओ बापूंचा. बापू पूर्वी थेटरात मध्यंतराला दाखवतात त्या जाहिरातींच्या काचा रंगवायचे. घरोघर केबल आली, काचांचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी हलत्या चित्रांच्या जाहिराती करायला घेतल्या. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मराठी घेऊन पदवी मिळवलेला माझ्यासारखा माणूस रिकामाच होता, त्याला त्यांनी संवाद आणि निवेदन लिहायला ठेवलं. पहिलं काम आलं ते गादीच्या दुकानाचं. मी घरी बसून, खोडून, पुन्हा लिहून एक वाक्य तयार केलं होतं: "अहाहा! ही गादी की ढगांची दुलई!" प्रमिलाताईंनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा वाचला.

"लेखक, तुम्ही गादीवर बसल्यावर असं बोलता व्हय?"

"नाही."

"मग ह्यो कशाला बोलालाय? ह्येच्या घरात ह्येला गप म्हणणारं कोण न्हाय का?"

मग त्यांनी काढलेला माणूस मी पाहिला. दमून घरी येतो, नवी गादी दिसते. आधी एका बोटानं दाबून बघतो. दाराकडं वळून बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. मग दोन्ही हातांनी दाबतो, टेकतो, आणि टेकल्यावर जरासा बाजूला सरकून शेजारच्या मोकळ्या जागेवर हलकेच थाप मारतो. बस्स. दुकानदार ते बघून खुर्चीतल्या खुर्चीत लाजला आणि म्हणाला, "बायकोला बोलवालाय की ओ त्यो!" बायको चित्रात कुठं नव्हती. माझं वाक्यही नव्हतं. त्यानंतर माझी अशी कितीतरी वाक्यं गेली, पण ती गादीवरची थाप मला अजून दिसते, आणि माझी वाक्यं मलाच आठवत नाहीत.

ताई मूळच्या मुरगूडच्या. घर बौद्ध, वडील लोकांच्या मळ्यात मजुरीला. मुरगुडातून शिकून त्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ट्रेसर म्हणून लागल्या. इंजिनियरांनी काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालून ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या टेबलावर ते शाईनं गिरवायचं, हे ट्रेसरचं काम. पण ताई शिकल्या त्या टेबलाच्या पलीकडं. भट्टीकडच्या शेडमध्ये एवढा आवाज असायचा की माणसाला माणूस ऐकू येत नसे. कामगार सगळं खुणांनी बोलायचे. साहेब येतोय हे सांगायचं तर गळ्यापाशी टाय ओढल्यासारखा हात. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका सावलीला बसत, आणि ताई शेडच्या दारात डबा हातात धरून बघत उभ्या राहत.

तिथं एकदा दोन माणसांचं भांडण त्यांनी पाहिलं. ते त्या शंभरदा सांगायच्या, आणि दरवेळी उठून करून दाखवायच्या. दोघांचेही हात कामात अडकलेले, तोंड उघडून उपयोग नाही. एकजण फावडं आपटतोय, फेकतोय. दुसऱ्यानं मात्र आपलं फावडं अगदी अलगद भिंतीला टेकवलं आणि ते हलू नये म्हणून नीट केलं.

"राग आलेलं माणूस भांडी आपटतंय, ह्ये समद्यास्नी ठावं हाय," ताई म्हणायच्या. "लई राग आलेलं माणूस भांडं हळू ठेवतंय. मला कळलं, आता ह्यो त्येला सोडत न्हाय. आन् न्हाईच सोडला."

पुढं ड्रॉइंगच्या खोलीत कॉम्प्युटर आले आणि ट्रेसरना घरी पाठवलं. ताई बापूंचा जिना चढल्या त्या अशा. बापूंनी परीक्षा म्हणून कापडाची पिशवी काढायला सांगितली. तोंड नाही, डोळे नाहीत, नुसती पिशवी हलवून दाखवा म्हणाले. ताईंच्या पिशवीनं बाजाराला जाताना रिकामी असून तोरा मिरवला, आणि भरून येताना ती उंबऱ्यावरच बसली. बापूंनी त्याच दिवशी त्यांना टेबल दिलं. त्या टेबलालाही काच होती आणि काचेखाली ट्यूबलाइट. "मी शिरोलीतनं उठून हिकडं बसलो, दुसरं काय न्हाय," असं ताई म्हणायच्या. आमच्याकडच्या पुष्कळ बायका बोलतात तसं त्या स्वतःबद्दल 'मी आलतो, मी गेलतो' असंच बोलायच्या. पुण्यामुंबईच्या माणसांचा त्यावर चेहरा बघण्यासारखा व्हायचा, आणि तो बघायला मिळावा म्हणून ताई ते जरा जास्तच मोठ्यानं बोलायच्या.

स्टुडिओत चित्रं काढणारी तरणी मंडळी पुष्कळ होती. त्यांच्यासाठी ताईंनी शनिवारचं मुकं जेवण काढलं. शनिवारी डबे उघडल्यापासून बंद होईपर्यंत कुणी शब्द काढायचा नाही. चटणी हवी, पाणी हवं, तुझ्या डब्यातली भाकरी मला दे, सगळं हातांनी आणि खांद्यांनी. जो बोलेल त्यानं सगळ्यांचे डबे घासायचे. पहिले काही आठवडे मीच घासले.

एका शनिवारी बापू धापा टाकत वर आले. खतांच्या कारखान्याचे मालक कामाची पाहणी करायला निघालेत, चिडलेत, आणि अर्धवट चित्रं लपवा, एवढं त्यांना सांगायचं होतं. ताईंनी ओठांवर बोट ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरातला शनिवार दाखवला. बापू स्टुडिओचे मालक, पण ताईंपुढं त्यांचं काही चालत नसे. त्यांनी हवेत गाडीचं चाक फिरवलं. डोळे वटारले. पोट पुढं काढलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि खोलीभर डुलत चालून दाखवलं. आम्ही कुणी गणपती समजलो, कुणी बाळंतीण. बापू घामाघूम झाले. तेवढ्यात दारातून आवाज आला, "कोण म्हणायचं ओ ह्यो?" खतवाले मालक स्वतः तिथं उभे होते, आणि पोट तेच होतं. खोलीत कुणाला हसताही येईना. ताई तेवढ्या निवांत म्हणाल्या, "पोट बरोबर काढलं बापू, चाल चुकली." मालक आधी बघत राहिले, मग त्यांनी स्वतः चालून दाखवलं. काम मिळालं. डबे मात्र त्या दिवशी ताईंनी घासले, कारण नियम म्हणजे नियम.

माणसं पाठमोरी बघायची हे त्यांचं वेड. चेहरा कुणीही शिकवल्यासारखा ठेवतं, पाठीला कुणी शिकवलेलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. कुणी चित्रातल्या माणसाच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब काढला तर त्या रबर घेऊन उठायच्या. "डोळ्यात थेंब काढणं म्हंजे बोलणंच झालं की रे. रडू पाठीनं काढ." एकदा आम्हा सगळ्यांना त्या पन्हाळ्यावर घेऊन गेल्या आणि तटावर फोटो काढणाऱ्या लोकांच्या पाठी बघायला बसवलं. लांब एक तरुण आणि एक तरुणी एकमेकांपासून अंतर राखून उभे होते. ताईंनी लगेच निकाल दिला: "नवं लगीन. भांडण झालंय. चूक त्येची हाय." आमच्यातल्या कुणीतरी शंका काढली. झालं, ताई उठल्या आणि सरळ त्यांच्याकडं जाऊन विचारून आल्या. बहीणभाऊ निघाले. आम्ही हसून लोळलो. ताई म्हणाल्या, "मग भावाची चूक आसंल." परतताना एसटीत त्यांनी हा विषय कुणाला पुन्हा काढू दिला नाही.

तर ताई चुकायच्या, पण मागं हटायच्या नाहीत. दोन हजार सालानंतर बापूंना परदेशातल्या एका मालिकेचं काम मिळालं. मुख्य चित्रं तिकडून यायची, मधली आम्ही भरायची. त्यातली माणसं खांबासारखी उभी राहून नुसती बोलायची. कुठल्या शब्दाला ओठ कसे, याचा एक तक्ताच त्यांनी पाठवला होता. ताई तो बघून भडकल्या. "ह्या माणसाला मुंडकं आन् तोंड एवढंच हाय. खाली धड कशाला दिलंय मग?" एका प्रसंगात नायक आईशी खोटं बोलत होता. ताईंनी त्याचा एक पाय दुसऱ्या पोटरीवर हळूच घासवला. चित्रं परत आली, पायाभोवती लाल वर्तुळ. ताईंनी तोच पाय तसाच पुन्हा काढून पाठवला. पुन्हा लाल वर्तुळ.

बापू हात जोडून म्हणाले, "ताई, त्यांना नकोय तो पाय."

"त्यास्नी नगं आसंल. त्या माणसाला पायजे. त्यो खोटं बोलालाय बापू, खोटं बोलणाऱ्याचा पाय जाग्यावर ऱ्हात न्हाय."

शेवटी बापूंनी तो पाय दुसऱ्याकडून सरळ करून घेतला. ताईंनी त्यांच्याशी अबोला धरला. बापू मला म्हणाले, इतकी शांतता स्टुडिओत पहिल्यांदाच आहे, पण काम काही सुचत नाही.

ह्यानंतरची गोष्ट पाण्याची.

पुण्याच्या एका संस्थेला गावोगाव दाखवायला पाच मिनिटांची फिल्म हवी होती. पिण्याचं पाणी स्वच्छ कसं ठेवावं, एवढाच विषय. माठात हात घालू नका, लांब दांड्याचं ओगराळं वापरा. कथा त्यांनीच लिहून पाठवली होती. तिच्यात मधला प्रसंग असा होता: उन्हातून एक वाटसरू येतो, पायरीवर बसतो, पाणी मागतो. घरची बाई माठातलं पाणी ओगराळ्यानं काढते आणि वरून त्याच्या ओंजळीत ओतते. भांड्याला तोंड लागत नाही, रोगराई पसरत नाही. दोघं हसतात. निवेदन येतं: वरून पाणी, आरोग्याची निशाणी.

बापूंनी वाचलं, मी वाचलं, बाकीच्यांनी वाचलं. सगळ्यांना सोपं काम वाटलं. ताईंनी वाचलं आणि कागदाची घडी घातली. त्या काहीतरी मोठ्यानं बोलतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "ह्ये मी करतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात बोलावलं. त्यांना बघून काढायला माणूस हवा होता. मला पायरीवर बसवलं, ओंजळ धरायला लावली आणि वरच्या पायरीवर उभं राहून ओगराळ्यानं पाणी सोडलं. मी प्यायला लागलो आणि सवयीनं वर बघितलं.

"वर बघायचं न्हाय. मान खालीच. पी."

मी मान खाली घातली. पाणी कधी येतंय, कधी थांबतंय, काही कळेना. थोडं ओंजळीत पडलं, थोडं मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, बाही भिजली. थांबा म्हणायचं तर तोंड पाण्यात. अंगठा हलवावा तर ओंजळ फुटते. मला त्या पायरीवर विनाकारण लाज वाटायला लागली. माझं घर शेतकऱ्याचं. रानात आम्ही पाटाचं पाणी ओंजळीनं कितीतरी वेळा प्यालेलो, पण हे ते पाणी नव्हतं.

ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. आणि त्यांच्या मानानं पुष्कळच हळू बोलल्या.

"माझा बा मुरगुडात असंच पियाचा. ज्येच्या मळ्यात दिवसभर राबायचा, त्येच्याच दारात. भांडं बाटंल म्हणून वरनं. मी बारकी, शेजारी उभा ऱ्हायचो. तोंड दिसायचं न्हाय त्येचं, मान तेवढी दिसायची. आता ह्ये पोरास्नी शिकवणार, असं प्यावं म्हणून. माझ्या बाची मान धडा करून लावणार साळंत."

एवढं बोलून त्या उठल्या आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

फिल्म तयार झाली तेव्हा संस्थेचे साहेब पाहायला आले. चित्रं सगळी झाली होती, आवाज अजून भरायचा होता. खोलीत साहेब, बापू, मी आणि ताई. पहिला भाग बघून साहेब खूष होते. मग वाटसरू आला.

ताईंनी कथेतलं काही बदललं नव्हतं. पायरी होती, ओगराळं होतं, ओंजळ होती. पण वाटसरू बसताना आधी पायरीवर बसतो, मग काही आठवल्यासारखं एक पायरी खाली सरकतो. ओंजळ धरताना त्याची कोपरं अंगाला चिकटतात. मान वाकते आणि तशीच राहते. बाई पाणी ओतते तेव्हा एक थेंब उडतो, आणि तिचा हात झटकन वर जातो. ती वाईट बाई नाही. तोंडावर हसू आहे. हात आपोआप वर गेलाय, इतकंच. पाणी संपतं, माणसाची तहान संपलेली नाही, ओंजळ तशीच राहते. बाई आत वळलेली आहे.

दिवे लागले. साहेब चष्मा पुसत होते.

"छान आहे. पण हे... हे असं नको."

"असं म्हंजे कसं?" ताईंनी विचारलं.

"म्हणजे, तो मनुष्य जरा वेगळाच वाटतो."

"कसा वेगळा?"

साहेब बापूंकडं बघायला लागले. बापू छताकडं.

"बोला की पावणं," ताई म्हणाल्या, आणि आता आवाज पहिल्यासारखा जिन्यापर्यंत जाणारा होता. "माझ्या पिक्चरमधी कोण बोलत न्हाय. निदान तुम्ही तरी बोला. काय दिसलं तुमास्नी?"

साहेबांना दिसलं होतं. मला दिसलं होतं, बापूंना दिसलं होतं. म्हणून तर कुणाला ते तोंडानं म्हणवेना. शेवटी साहेब म्हणाले, कथा तुम्ही बरोबरच केली आहे, चित्रं बदलायला वेळ नाही, आपण वरून प्रसन्न आवाजात निवेदन टाकू, मागं थोडं गाणं, म्हणजे गैरसमज होणार नाही.

"गैरसमज न्हवं त्यो. समज हाय," ताई म्हणाल्या. "आवाज टाकला की माणूस ऐकत बसतंय आन् बघायचं सोडतंय. तुमास्नी तेच पायजे. नगं आसंल तर सरळ सांगा, मी त्येच्या हातात फुलपात्र देतो. ओगराळ्यानं फुलपात्रात पाणी, फुलपात्र पावण्याच्या हातात. स्वच्छ बी झालं आन् माणसासारखं बी झालं. हाताला हात लागू दे की जरा! मी आठवड्यात काढून देतो. पण ओंजळ ठेवणार आसशीला तर ती मुकीच ठेवा."

"ताई, कार्यक्रम ठरलेले आहेत," साहेब म्हणाले.

"कार्यक्रम माझ्या बाच्या आधीपासनंच ठरल्यात तुमचं."

साहेबांनी फिल्म नेली. निवेदन पुण्यात भरलं गेलं. बापूंनी अडवलं नाही. त्यांना स्टुडिओ चालवायचा होता, आणि त्या कामाच्या मागं आणखी कामं येणार होती. मला त्यांचा राग आला. ताईंना आला की नाही माहीत नाही. त्यांनी त्या दिवशी पेन्सिली फार नीट, एका रेषेत लावून ठेवल्या.

गावं ठरली त्यात मुरगूड होतं. ताईंनी मला सांगितलं, "मी चाललो. यायचं तर या." मी गेलो.

भरदुपारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांवर घोंगडी टाकली होती. पुढं सतरंजीवर पोरं, मागं खुर्च्यांवर गावातली मोठी मंडळी, एका बाजूला बायका. दाराजवळ ताईंच्या वस्तीतली माणसं उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी उभी होती. भिंतीशी टेबलावर आवाजाचं मशीन आणि त्याच्याजवळ संस्थेचा माणूस. ताई त्या टेबलापासून जवळच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

फिल्म सुरू झाली. गोड गाणं, आणि मग तो प्रसन्न आवाज. माठात हात घालू नका, मुलांनो. पोरं मान डोलवत होती. वाटसरू वळणावर दिसला आणि ताई दोन पावलं पुढं झाल्या. त्यांनी मशीनची पिन उपसली आणि मुठीत धरून ठेवली.

आवाज गेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मागून "आवाज! आवाज!" सुरू झालं. संस्थेचा माणूस वायर चाचपत होता, त्याला अंधारात पिनच सापडेना. पडद्यावर वाटसरू पायरीवर बसला. मग एक पायरी खाली सरकला.

ओरडा कमी होत गेला. कुणी गप्प बसवलं नाही. ओंजळ पुढं आली, मान वाकली, आणि हॉलमध्ये प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. थेंब उडाला, बाईचा हात वर गेला. बायकांच्या बाजूनं एक म्हातारा आवाज आला, घरात सुनेला सांगावं तसा:

"अगं, भांडं दे की त्येला."

काहीजण हसले. तेव्हा दाराकडून, उभ्या माणसांमधून, तेवढ्याच मोठ्यानं उत्तर आलं:

"दिलं न्हाय, म्हणून तर दावालेत."

हसू तिथंच थांबलं. खुर्चीतले एकदोघं उठून बाहेर गेले, जाताना त्यांनी दार ढकललं आणि उजेडाचा पट्टा आत आला. बाकीचे बसून राहिले. पडद्यावरची बाई आत वळली, ओंजळ रिकामी राहिली, फिल्म संपली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग बायकांच्याच बाजूनं, बहुतेक तीच म्हातारी म्हणाली, "परत लावा ते."

त्यानंतर संस्थेनं बापूंना काम दिलं नाही. थोड्याच दिवसांत ताईंनी स्टुडिओ सोडला. कुणी म्हणतं बापूंनी सोडायला लावला. मीही पुढं कोल्हापूर सोडलं आणि आमची गाठ राहिली नाही. ह्या सगळ्याची राजारामपुरीत पुष्कळ दिवस चर्चा होती. ती करणाऱ्यांनी त्या दुपारच्या हॉलमधल्या ताई पाहिलेल्या नाहीत.

मी पाहिल्या. फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावायची ठरली तेव्हा संस्थेचा माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला कळलं होतं पिन कुठं आहे ते. वैतागला होता, पण बाईमाणसावर हात टाकता येत नव्हता. "ताई, द्या की ओ," तो म्हणाला. "निदान आता तरी आवाज लागू दे." सगळा हॉल वळून बघत होता. रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत कुणालाही न सोडणाऱ्या ह्या बाई आता त्याला काय काय सुनावतात, म्हणून मीही कान टवकारले.

ताईंनी तोंड उघडलं नाही. भिंतीची टेकण सोडून त्या सरळ उभ्या राहिल्या, मूठ पाठीमागं नेली, मान वर केली, आणि त्याच्याकडं बघत ती एकदाच, डावीकडून उजवीकडं, सावकाश हलवली.